मुलाचं कोपर दुखतंय: बेसबॉल, भाला, क्रिकेट, सॉफ्टबॉल

मृण्मयी_टेक्सास

धागा आरोग्यात काढावा की क्रीडा विभागात, कळेना. ॲडमिन, चुकला असेल तर हलवा.

लेक १२ वर्षांचा, बेसबॉलमध्ये उजव्या हाताने पिचिंग करतो, म्हणजे बॅटरला चेंडू टाकतो. घराजवळच्या लीगमध्ये खेळतो, शिवाय एका ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे बाहेरगावी स्पर्धा खेळायला जाणाऱ्या संघात. इकडे थंडी नावालाच, त्यामुळे वसंतातला सीझन संपला की उन्हाळी टूर्नामेंट, मग फॉल बॉल (शरदातला सीझन), मग डिसेंबरात बंदिस्त केजमध्ये पिचिंगची शिकवणी. काही दिवस मॅचनंतर कोपराच्या आतल्या बाजूला दुखायचं, जिथे हाड टोकदार लागतं तिथेच. रात्री झोपला की सकाळी गेलेलं असायचं. गेल्या रविवारची मॅच झाली आणि सोमवारी दात घासताना हात पूर्ण सरळ होईना. कोचचं म्हणणं: बर्फ लावा, आयबुप्रोफेन द्या, शनिवारी सेमीफायनल आहे.

आम्ही सेमीफायनल सोडली आणि स्पोर्ट्स ऑर्थोपेडिककडे नेलं. त्यांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढले, डाव्याचा तुलनेसाठी. निदान: लिटल लीग एल्बो, म्हणजे फेकून फेकून मुलांच्या कोपराला आतून होणारी इजा. सहा आठवडे फेकणं बंद. बंद म्हणजे कुत्र्यासाठी अंगणात चेंडू टाकणंसुद्धा बंद. प्लास्टर नाही, ऑपरेशन नाही.

इथे कोणाची मुलं यातून गेली आहेत का? सहा आठवड्यांनी खरंच बरं होतं की पुन्हा उपटतं? मधल्या काळात काय करून घ्यायचं? पोरगं नुसतं फुगून बसलंय. आणि सांगलीहून सासूबाईंचा रोज फोन आहे की महानारायण तेलाने चांगलं रगडून मालिश कर. त्यांना काय सांगू?

केदार_बे_एरिया

आमचा आता कॉलेजात आहे, तेरा-चौदाच्या वयात हेच झालं होतं. बरं होतं. पण ज्या वेळापत्रकाने दुखवलं त्याच वेळापत्रकात परत सोडलात तर पुन्हा होतं.

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून २०१४ मध्ये 'पिच स्मार्ट' नावाचे नियम काढले. ११-१२ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच (पिच म्हणजे पिचरने टाकलेला एक चेंडू). ६६ किंवा जास्त टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन दिवस, ३६ ते ५० ला दोन. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेत पूर्वी इनिंग, म्हणजे छोटे छोटे डाव, मोजायचे, २००७ पासून पिच मोजतात. कागदावर सगळं छान आहे. गोची अशी की लीगच्या वहीत लीगचेच आकडे आणि ट्रॅव्हल टीमच्या ॲपमध्ये त्यांचेच. शनिवारी इकडे साठ, रविवारी तिकडे पन्नास. दोन्ही कोच छातीवर हात ठेवून सांगतात, आम्ही मर्यादेत आहोत. खोटं कोणीच बोलत नाही!

त्यात वॉर्मअपचे पिच, दोन इनिंगच्या मधले पिच, केजमधली शिकवणी, हे कुठल्याच वहीत नाही. पिचिंग संपल्यावर कॅचर म्हणून (बॅटरच्या मागे चेंडू झेलायला) बसवलं तर तेही नाही. ४१ किंवा जास्त पिच टाकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर करायचं नाही असा लिटल लीगचा नियमच आहे, तो ट्रॅव्हलवाल्यांना बंधनकारक नाही.

तेव्हा मुलाच्या हाताची वही तुम्हीच ठेवा. आणि कॉलेज स्कॉलरशिपच्या गोष्टी जरा कानाआड करा. गूळ पालकांच्या कोपराला लावलेला असतो, दुखतं पोराचं कोपर.

हाडांचा_डॉक्टर

पुण्यात ऑर्थोपेडिक आहे. इथून निदान करणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलंय. डाव्या कोपराचा एक्स-रे काढला यावरूनच कळतं की माणूस जाणकार आहे.

आत जो उंचवटा लागतो तो मेडियल एपिकॉन्डाइल. मनगट आणि बोटं मिटणारे स्नायू तिथून निघतात, कोपराला आतून आवळून धरणारा लिगामेंटही तिथेच बांधलेला. लहानपणी हा उंचवटा मुख्य हाडाला जुळलेला नसतो, मध्ये वाढीची कूर्चा असते. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान तिथे हाड धरू लागतं आणि मुलग्यांत ते जुळायला पंधरा-सतरा उजाडतात. कोपराभोवतीच्या सहा वाढकेंद्रांत सगळ्यात शेवटी जुळणारं हेच.

आता फेक बघा. चेंडू सुटण्याच्या आधी एक क्षण असा येतो की खांदा पुढे निघालाय, पंजा अजून मागे आहे, आणि कोपर आतल्या बाजूने उघडू पाहतंय. मोठ्या माणसात तो ताण लिगामेंटवर येतो, म्हणून मोठ्यांचा लिगामेंट जातो आणि त्यांना १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केलेलं ऑपरेशन लागतं. मुलांत कूर्चा लिगामेंटपेक्षा कच्ची. ती ओढली जाते, सुजते, रुंद होते. एक्स-रेत उजवी फट डावीपेक्षा मोठी दिसते ती यामुळे. कधी कधी एक्स-रे अगदी नॉर्मल येतो आणि तरी आजार असतो. तेव्हा बोटाने दाबून दुखतं ना, तेच निदान.

आणखी एक. कोपर आतून उघडतं तेव्हा बाहेरच्या बाजूला हाडावर हाड दाबलं जातं. तिथल्या कॅपिटेलम नावाच्या गोलसर भागाचा रक्तपुरवठा तसा बेताचाच. सतत दाबून त्या हाडाचा आणि वरच्या कूर्चेचा तुकडा सैल होऊ शकतो, त्याला ओसीडी म्हणतात. हा जास्त वाईट आजार. बाहेरच्या बाजूला दुखणं, कोपर अडकणं, कटकट वाजणं आणि हात सरळ न होणं ही त्याची लक्षणं. तुम्ही लिहिलंय की हात सरळ होईना, म्हणून विचारतो: बाहेरची बाजू पाहिली का? दोनेक आठवड्यांत हात पूर्ण सरळ झाला नाही तर एमआरआयबद्दल तुमच्या डॉक्टरांना नक्की विचारा.

फेकताना एकदम 'टक्' आवाज होऊन हात सुजला, किंवा करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या, तर सहा आठवड्यांची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं. उंचवटा तुटून सरकलेला असू शकतो, त्याला प्लास्टर किंवा स्क्रू लागतो.

कोपरगावकर

एक शंका, राग मानू नये. आम्ही लहानपणी दगड मारून कैऱ्या-चिंचा पाडल्या, दिवसभर रबरी चेंडूने आबाधुबी खेळलो. कुणाच्या वाढीच्या कूर्चेला काही झाल्याचं ऐकलं नाही. हल्लीची मुलं नाजूक की पालक?

केदार_बे_एरिया

कोपराच्या धाग्यावर कोपरगावकर येणारच होते :)

हाडांचा_डॉक्टर

कोपरगावकर, राग कसला, प्रश्न रास्त आहे. कैरीचा हंगाम दोन महिन्यांचा. हात दुखला की तुम्ही झाडाखाली बसून मीठ-तिखट लावून खात होतात, आणि मागे कोणी वेग मोजायला रडार गन घेऊन उभं नव्हतं. पुन्हा नदीवर पोहणं, विटीदांडू, सूरपारंब्या. हाताला दरवेळी वेगळं काम. या मुलांना बारा महिने एकच फेक, पूर्ण जोराने, थकल्यावरसुद्धा.

थकवा हा शब्द उगाच वापरलेला नाही. अमेरिकेत ऑपरेशनपर्यंत पोचलेले किशोरवयीन पिचर आणि न दुखावलेले पिचर यांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली होती. हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणाऱ्यांत ऑपरेशनची शक्यता ३६ पट निघाली, वर्षातून आठ महिन्यांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्यांत ५ पट. कर्व्हबॉलला, म्हणजे हवेत वळणाऱ्या चेंडूला, सगळे शिव्या घालतात, पण त्याच्याविरुद्धचा पुरावा इतका ठाम नाही. किती फेकलं आणि थकून फेकलं का, हे आधी विचारावं.

मृण्मयी_टेक्सास

धन्यवाद डॉक्टर. बाहेरची बाजू एक्स-रेत स्वच्छ आहे म्हणाले, तिसऱ्या आठवड्यात परत बोलावलंय. हात आज जवळजवळ सरळ होतोय. एमआरआयचं विचारेन. मालिशबद्दल सांगा ना, सासूबाई हा धागा वाचणार आहेत.

हाडांचा_डॉक्टर

मग थेट काकूंनाच सांगतो. काकू, पाठीला, पायाला, खांद्याला हलक्या हाताने तेल लावा, नातवाला बरंच वाटेल. कोपराला मात्र रगडायचं नाही. दुखावलेल्या कोपराला जोरात चोळलं, ओढून सरळ केलं, तर स्नायूत हाड तयार होऊ शकतं आणि सांधा आखडतो. मायोसायटिस ऑसिफिकन्स त्याचं नाव. अमेरिकेतले डॉक्टर हे क्वचितच बघत असतील, आपल्याकडे गावोगावी 'हाड बसवणारे' असल्याने आम्हाला ते नवीन नाही. पडून कोपर मोडलेली मुलं येतात. मूळ फ्रॅक्चर साधं असतं, हात मात्र महिनाभर चोळून लाकूड झालेला असतो.

बर्फ पहिले काही दिवस, एका वेळी १५ मिनिटं, कापडात गुंडाळून. दुखण्याची गोळी दुखतंय म्हणून घरी एक-दोन दिवस दिली तर हरकत नाही. मॅच खेळता यावी म्हणून गोळी देणं म्हणजे दुखणं झाकून फेकायला लावणं. वाढीच्या कूर्चेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर दुसरं मत घ्या. हल्ली पीआरपीचंही (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनचं) फॅड आहे, या वयात या दुखण्याला त्याची गरज नाही.

भाला_सातारा

आमच्याकडे बेसबॉल नाही, पण शाळेच्या पोरांना भालाफेक शिकवतो, म्हणून लिहितो. ७ ऑगस्ट २०२१ नंतर भाल्याला आमच्याकडे रांग लागली. नीरज चोप्राचं टोकियो पोरांना पाठ आहे, पण त्याच्या उजव्या कोपराचं मे २०१९ मध्ये मुंबईत ऑपरेशन झालं होतं हे विचारलं की माना खाली. त्या वर्षीची दोह्याची जागतिक स्पर्धा हुकली त्याची. परतला तो थेट जानेवारी २०२०, दक्षिण आफ्रिकेत, ८७.८६ मीटर, आणि टोकियोचं तिकीट. मधले महिने त्याने काय केलं ते पोरांना सांगतो मी. घाई केली नाही, हे त्यातलं मुख्य.

आमची अडचण साधनांची. १८ वर्षांखालच्या मुलांचा भाला ७०० ग्रॅमचा, मोठ्यांचा ८००. शाळेत असतो एकच, तोही कोणीतरी दान दिलेला, ८०० चा. तेरा वर्षांचं पोर तोच उचलतं. भाला जड पडला की कोपर खांद्याच्या खाली येतं आणि हात बाजूने फिरतो, म्हणजे डॉक्टर म्हणाले तसं आतून उघडायला मोकळं. मी लहान पोरांना भाला देतच नाही. दोन्ही हातांनी मेडिसिन बॉल डोक्यावरून, मग उभ्याने हलका चेंडू, कोपर उंच, मग तीन पावलं. पूर्ण धावेची फेक आठवड्यातून एका दिवशी, तीही मोजून. पालक तक्रार करतात की सर भाला कधी देणार.

आणि दहावीचे क्रीडा गुण! स्पर्धेच्या तोंडावर 'सर, दुखतंय' म्हणणारं पोर विरळा. दोन बोटांनी आतला उंचवटा दाबून बघायला मी शिकलोय. दाबलं की पापणी लवते, तेव्हा तोंडाने 'नाही दुखत' म्हणालं तरी त्या दिवशी भाला बंद, पायांचा व्यायाम.

योकोहामाची_सखी

जपानात याला नावच आहे, याक्यू-हिजी, बेसबॉलचं कोपर. मुलाच्या क्लबमध्ये वर्षातून एकदा अल्ट्रासाउंडचं मशीन घेऊन डॉक्टर मैदानावर येतात आणि न दुखणाऱ्या मुलांचीही कोपरं बघतात. ओसीडी सुरुवातीला दुखतच नाही म्हणतात, म्हणून.

पण दुसरी बाजूही सांगते. इथे उन्हाळ्यात कोशिएन ही शाळांची स्पर्धा म्हणजे सणच. १९९८ मध्ये आमच्या योकोहामा हायस्कूलच्या मात्सुझाकाने एका मॅचमध्ये १७ इनिंग आणि २५० पिच टाकले, ते अजून भक्तिभावाने सांगतात. पुढे २०११ मध्ये त्याचं टॉमी जॉन ऑपरेशन झालं, ते मात्र कोणी त्या गोष्टीला जोडत नाही. २०१८ मध्ये एका शेतकी शाळेच्या योशिदा कोसेईने त्या एका स्पर्धेत ८८१ पिच टाकले. देश रडला. मला तर बघवेना. पुढच्या वर्षी ओफुनातो शाळेच्या कोचने जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात सासाकी रोकीला खेळवलंच नाही, हाताला जपायचं म्हणून. शाळा १२-२ ने हरली आणि लोकांनी त्या कोचला काय काय बोलून घेतलं. तोच सासाकी आज अमेरिकेतल्या डॉजर्स संघाकडून खेळतो. २०२० पासून आठवड्याला ५०० पिचची मर्यादा आली. पाचशे! मृण्मयी, तुझ्या लेकाच्या कोचला हे दाखवू नकोस, म्हणेल आपण कितीतरी बरे.

ठाणेकर_आई

क्रिकेटचं काय? माझा १३ वर्षांचा, मीडियम पेसर. अकादमीत रोज नेट. कधीतरी कोपर दुखतं म्हणतो, पण बोलिंगनंतर नाही, फिल्डिंगच्या दिवशी.

हाडांचा_डॉक्टर

त्याने बरोबर सांगितलंय. बोलिंगमध्ये हात जवळजवळ सरळच फिरतो. नियमात कोपर सरळ करायला १५ अंशांपर्यंतच सूट आहे. त्यामुळे कोपर आतून उघडायचा प्रकार तिथे कमी. फास्ट बोलिंगची खरी काळजी कंबरेची. कोपर दुखवतो तो सीमारेषेवरून केलेला थ्रो. अर्धा तास उभं राहून हात गार पडलेला, आणि एकदम सगळी ताकद लावून फेक. अकादमीत षटकं मोजतात, थ्रो कोणी मोजत नाही. सीझन चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, १३ वर्षांखालच्यांचा १३५ च्या आसपास. मोठ्यांबरोबर सराव करताना मोठ्यांचाच चेंडू हातात येतो, तेही बघा. आतून दाबून दुखत असेल तर आणून दाखवा.

सॉफ्टबॉल_नागपूर

मुलगी सॉफ्टबॉलची पिचर आहे. खालून हात फिरवून टाकतात, त्यामुळे काही होत नाही असं आम्हाला सांगितलं होतं. तिचा खांदा पुढून दुखतोय. हे यातच येतं का?

फिजिओ_अमरावती

येतं. खालून टाकल्याने कोपराचा ताण वेगळा होतो, शून्य होत नाही, आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला बायसेप्सच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर) भार पडतो. सॉफ्टबॉलमध्ये एकच मुलगी सलग सगळे सामने टाकते हीच गंमत आहे. 'खालून टाकते' म्हणून तिला विश्रांती कोणी देत नाही. दाखवून घ्या.

मृण्मयीताई, तुमच्या मधल्या सहा आठवड्यांबद्दल. कोपराला या काळात फारसं काम नाही, फक्त पूर्ण वाकतंय आणि पूर्ण सरळ होतंय हे रोज बघायचं, स्वतःच्या ताकदीने, कोणी ओढायचं नाही. काम आहे ते कंबर, मांड्या आणि खांद्याच्या फऱ्याचं. एका पायावर उभं करून अर्धी बैठक मारायला सांगा. गुडघा आत पडतो का, धड डोलतं का? जमिनीकडून येणारा जोर कंबरेत गळाला की तो हातातून भरून काढावा लागतो. मग उताणं झोपवून, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला आणि कोपर काटकोनात ठेवून, दोन्ही हात आतल्या बाजूला किती वळतात ते बघा. पिचरचा उजवा डाव्यापेक्षा बराच कमी वळत असेल तर कुशीवर झोपून करायचं एक स्ट्रेचिंग असतं, ते तुमचा फिजिओ शिकवेल. व्हिडिओ बघून करू नका, बहुतेक मुलं त्यात खांदाच उचलतात.

परत फेकायला सुरुवात केव्हा? दाबून दुखत नाही, हालचाल डाव्याइतकी, मुठीची ताकद डाव्याइतकी. तिन्ही जमलं तरच, कॅलेंडरवर सहा आठवडे संपले म्हणून नाही. आधी ३० फूट, म्हणजे ९ मीटर, हळू, एक दिवसाआड. तेवढ्याच अंतरावर दोन दिवस न दुखता झाले की ४५ फूट, मग ६०, मग ९०. दुखलं तर थांबायचं आणि बरं झालं की एक पायरी मागून सुरू. मैदानातल्या पिचिंगच्या उंचवट्यावरून फेकणं सगळ्यात शेवटी, तिथेही आधी अर्ध्या जोराने. सगळं मिळून तीन-चार महिने धरून चाला. आणि पुढच्या वर्षी तो १३ ला गेला की पिचिंगचं अंतर ४६ फुटांवरून थेट साठ फूट सहा इंचांवर जाऊ शकतं, त्यात उंची वाढायचं वयही तेच. मध्ये ५० फुटांचा गट असतो, त्यात वर्षभर घालवता आलं तर उत्तम.

मृण्मयी_टेक्सास

सगळ्यांना अपडेट. तिसऱ्या आठवड्यातल्या भेटीत हात पूर्ण सरळ होता, एमआरआय लागला नाही. आता दाबून दुखत नाही, फिजिओने ३० फुटांनी सुरुवात करून दिलीय. एका पायावरच्या बैठकीत साहेब डोलले आणि ते मात्र त्यांच्या फार जिव्हारी लागलं, आता रोज न सांगता करतात. सासूबाई पाठीला तेल लावा म्हणाल्या, तेवढं लावते.

ट्रॅव्हल टीमच्या कोचशी बोलले. पिच स्मार्टमध्येच या वयाला वर्षात चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन सलग, असं आहे, तो कागद पुढे ठेवला. म्हणाले, मग जागा राखता येणार नाही. नाही तर नाही. वसंतात फक्त घराजवळची लीग. तिथले कोच विचारतायत की पिचिंग सुरू होईपर्यंत त्याला फर्स्ट बेसवर (पहिल्या बेसपाशी क्षेत्ररक्षणाला) ठेवू की कॅचर म्हणून. काय सांगू? आणि बॅटिंग?

फिजिओ_अमरावती

बॅटिंग न दुखता होत असेल तर चालेल. जागा फर्स्ट बेस, तीही ६० फुटांची पायरी पार झाल्यावर. कॅचर नको, त्याला प्रत्येक चेंडू पिचरकडे परत फेकावा लागतो, वर बेस चोरून पळणाऱ्याला अडवायला बसल्या जागेवरून सेकंड बेसपर्यंत. कोचना सांगा की मॅचआधीच्या सरावात त्याने किती थ्रो केले तेही तुम्हाला हवेत.